तोंड कोरडं, दात मागून झिजलेले: आधी रात्रीकडे बघा

प्रश्न: आईचं वय ५३. आम्ही पांढरकवड्याजवळच्या खेड्यात राहतो, शेती कापसाची. तीन वर्षांपूर्वी सांधेदुखी आणि डोळ्यांची आग म्हणून नागपूरला दाखवलं, तेव्हा शोग्रेन सिंड्रोम (लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी निकामी करणारा आजार) निघाला. तोंड सतत कोरडं असतं. गेल्या वर्षभरात वरचे समोरचे दात पातळ आणि आखूड झाले, कडा तुटतात, थंड पाणी लागतं. कोणी म्हणतं बोअरच्या पाण्याने झालं, कोणी म्हणतं कॅल्शियम कमी आहे. कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. एका ठिकाणी सगळे दात काढून कवळी बसवा असं सांगितलं. दुसरीकडे ॲसिडिटी आहे का असं विचारलं, पण आईला छातीत जळजळ होत नाही, आंबट ढेकरही येत नाही. काय करावं?

उत्तर:

ताई, दात काढू नका. निदान आत्ता तरी नाही. वरची कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. लाळच नसेल तर कवळी धरत नाही, नुसती घासते आणि तोंड सोलवटून काढते. मी बावीस वर्षं तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. कवळी डब्यात ठेवून वरणात भाकर कुस्करून जेवणाऱ्या कोरड्या तोंडाच्या बाया मी पाहिल्या आहेत. तुमच्या आईंचे दात झिजलेले असले तरी मुळं शाबूत असतील तर ते वाचवण्यासारखे आहेत.

आता जळजळीचं. जळजळ होत नाही म्हणजे पोटातलं ॲसिड वर येत नाही, असा अर्थ काढू नका. पुष्कळ लोकांत ते गुपचूप वर येतं, विशेषतः झोपेत. सकाळी उठल्यावर आवाज बसलेला असतो, घसा खाकरावा लागतो, तोंडाला कडवट-आंबट चव असते, रात्री कोरडा खोकला येतो. बाई म्हणते, "रात्री जरा घसा धरते, बाकी काही नाही." म्हणून मी ॲसिडिटी आहे का असं विचारतच नाही. सकाळी पहिला शब्द कसा निघतो ते विचारते. आईंना हे विचारून बघा.

लाळ नुसती तोंड ओलं ठेवायला असते असं आपण समजतो. निरोगी माणसात ती दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर बनते, आणि तिच्यात ॲसिड मारणारा क्षार असतो, तोच जो आपल्या खाण्याच्या सोड्यात असतो. शिवाय दातातून विरघळून गेलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत भरायचं सामानही तिच्यातच असतं. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या अन्ननलिकेत थोडं ॲसिड सोडून पाहिलं. एकदोन लाटांमध्ये अन्ननलिकेने ते जवळजवळ सगळं खाली ढकललं, पण नळीच्या भिंतीला लागलेला आंबटपणा तसाच राहिला. तो गेला पुढच्या प्रत्येक आवंढ्यासोबत, गिळलेल्या लाळेने. तोंडातली लाळ ओढून काढली की आंबटपणा हटायला कितीतरी जास्त वेळ लागला. शोग्रेनमध्ये शरीराची संरक्षण करणारी फौज लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच चालून जाते. त्यामुळे वर आलेलं ॲसिड धुऊन काढणारं कोणी उरत नाही. काही रुग्णांत अन्ननलिकेची ढकलण्याची ताकदही कमी होते. म्हणजे इतरांना जेवढं ॲसिड सहज खपून जातं, तेवढंच आईंच्या दातांना भारी पडतं.

झोपेत निरोगी माणसाचीही लाळ जवळपास थांबते आणि गिळणंही फार कमी होतं. आईंच्या बाबतीत तर आधीच खडखडाट. जठरातलं ॲसिड १ ते २ पीएचचं असतं. दाताचं वरचं कवच साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं, आणि कवच गेल्यावर उघडा पडणारा आतला पिवळा भाग तर ६.५ च्या आसपासच. पीएच जितका कमी तितकं ॲसिड कडक, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. म्हणून दात वाचवायचे तर आधी आईंची रात्र सांभाळायला हवी, दातांवरच्या टोप्या-बिप्या नंतर.

आता बोअरचं पाणी. तुमच्या भागात ही शंका येणं बरोबर आहे. पांढरकवडा, झरी, तिकडे चंद्रपूर, बऱ्याच गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि लहानपणापासून ते पाणी प्यालेल्यांचे दात तपकिरी डागांचे, क्वचित खड्ड्यांचे असतात. पण ते डाग दात उगवतानाच येतात, उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना सारखे असतात, आणि घरातल्या भावंडांना, शेजारच्यांनाही असतात. पन्नाशीनंतर वर्षभरात दात पातळ होणं हे पाण्याचं काम नाही. पाण्याने कवच ठिसूळ झालं असेल तर ॲसिडला ते लवकर खाता येतं, इतका संबंध असू शकतो.

खरं उत्तर दाताच्या मागच्या बाजूला असतं. अशीच एक बाई माझ्याकडे आली होती, तुमच्या आईंच्याच वयाची, कापूस वेचणीला जाणारी. तोंड उघडायला लावलं, आरसा गालाशी नेला, तर तो गालाला चिकटून बसला, ओढून काढावा लागला. ओल्या तोंडात आरसा सरकतो, कोरड्यात असा धरून बसतो. मग तोच आरसा वरच्या समोरच्या दातांच्या मागे तिरपा धरला. समोरून दात तपकिरी डागांचे, गावातल्या सगळ्यांसारखे. मागून मात्र गुळगुळीत, चकचकीत, पिवळे, पाण्याने झिजलेल्या गोट्यासारखे. फक्त हिरडीलगत कवचाची एक बारीक पांढरी कड शिल्लक होती. खालच्या दाढेत जुनी चांदी भरलेली होती. ती चांदी आजूबाजूच्या दातापेक्षा वर निघालेली, ओसरलेल्या पुरात टेकाड उघडं पडावं तशी. चांदीला ॲसिड खात नाही, दाताला खातं. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "मॅडम, पान्याबिगर भाकर गियल्याच जात नाई." त्या एका वाक्यात निम्मं निदान होतं.

तुम्ही घरी हे बघू शकता. मोबाइलचा टॉर्च लावा, स्वच्छ स्टीलचा चमचा वरच्या दातांच्या मागे धरा आणि त्यात प्रतिबिंब बघा. समोरच्या दाताच्या कडेमागे बोट धरलं आणि त्याची सावली आरपार दिसली, तर कवच फार पातळ झालं आहे. मागून झीज असेल तर ॲसिड आतून येतंय असं समजा. झीज ओठाकडच्या बाजूला जास्त असेल तर आंबट खाणंपिणं, राखुंडी, गुडाखू किंवा दाबून घासणं याचा विचार करा. दात वर-खाली एकमेकांवर बसतात तिथेच सपाट झाले असतील तर झोपेत दात खाण्याची सवय. बहुतेकांत एकाहून जास्त कारणं असतात. आणि कोरड्या तोंडाची म्हणून एक वेगळी कीड असते. ती हिरडीच्या कडेला आणि दाताच्या टोकाला लागते. लाळ असलेल्या तोंडात या जागा सहसा किडत नाहीत.

रात्रीचं काय करायचं ते सांगते. वेचणीच्या दिवसांत घरातली बाई सगळ्यांना वाढून साडेनऊ-दहाला जेवते आणि पाठोपाठ आडवी होते. भरलेलं पोट, वरून ठेचा, आणि सपाट अंथरूण. आईंना सर्वांच्या आधी, सात-साडेसातला जेवू द्या, आणि झोपण्यात तीन तासांचं अंतर राहू द्या. ही गोष्ट आईंच्या हातात नाही, घरातल्यांच्या हातात आहे, म्हणून तुम्हालाच सांगते आहे. त्या बाजेवर झोपत असतील तर उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवा, सहा ते आठ इंच उंची येईल इतक्या, हलणार नाहीत अशा. दोन-तीन उश्या डोक्याखाली घेऊन ते काम होत नाही. त्याने पोट दुमडतं आणि ॲसिड उलट वर ढकललं जातं. खाली झोपत असतील तर कमरेपासून वरचा भाग उतरता उंच होईल अशी गादीची घडी घाला. डाव्या कुशीवर झोपल्यानेही वर येणं कमी होतं. दिवसासुद्धा जेवण झाल्या झाल्या निंदायला वाकू नये, निदान तासभर उभ्याने करायची कामं करावीत.

गॅसच्या गोळीबद्दल. पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल आपल्याकडे घरोघरी असतं, पण बहुतेक जण ते जेवल्यानंतर किंवा त्रास झाला की घेतात. तसं घेतलं तर त्याचा उपयोग बराच कमी होतो. जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं, आणि दातांवरचा असर थांबला का हे बघायला साधारण आठ आठवडे लागतात. हे मात्र आईंच्या शोग्रेनच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. या आजारात काहींच्या मूत्रपिंडावर असर असतो, आणि ही गोळी वर्षानुवर्षं चालू राहिली तर मॅग्नेशियम आणि बी-१२ कमी होऊ शकतं. शिवाय गोळी ॲसिड कमी करते, वर येणं थांबवत नाही. म्हणून विटा काढायच्या नाहीत.

त्याच डॉक्टरांना आईंच्या सगळ्या गोळ्या दाखवा, पिशवीच घेऊन जा. सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या पोटाला त्रास देतात. रक्तदाबासाठी दिली जाणारी ॲम्लोडिपिनसारखी गोळी जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल करू शकते. सर्दी-खाजेची सिट्रिझिन किंवा झोपेसाठी-दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन तोंड आणखी कोरडं करते. यातली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. बदलता येते का एवढंच विचारा. थंडीत आईंची बोटं पांढरी-निळी पडत असतील तर तेही सांगा, कारण मग अन्ननलिका जास्त बारकाईने तपासावी लागते. घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी, यातलं काही असेल तर आठ आठवडे थांबू नका. दुर्बिणीने तपासणी करून घ्या.

आता तोंड कोरडं पडलं की आई काय चघळतात, हे मला तुमच्या प्रश्नात सापडलं नाही. आणि ते फार महत्त्वाचं आहे. आंबट तोंडात धरलं की पाणी सुटतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. त्यामुळे कोरड्या तोंडाच्या बाया चिंचेचं बोटूक, लिंबाची फोड, आवळा सुपारी, आंबट गोळी दिवसभर गालात ठेवतात. ज्यांच्या ग्रंथींत लाळ आहे त्यांचं त्याने निभतं. आईंच्या ग्रंथी लाळ देऊ शकत नसतील तर दाताला नुसतं ॲसिड मिळतं, ते मारायला काहीच येत नाही. खडीसाखर, साखरेची बडीशेप, घोट घोट गोड चहा यांनी कीड लागते. तोंडात बुरशी झाली की चघळायला देतात त्या काही गोळ्यांतसुद्धा साखर असते, लिहून देणाऱ्यांना ते सांगावं लागतं. त्याऐवजी साधं पाणी, माठातलं, लहान घोटांनी. झायलिटॉलचं (दात न किडवणाऱ्या गोडीचं) बिनसाखरेचं च्युइंगगम मिळालं तर जेवणानंतर दहा मिनिटं चघळावं. ओठांना तूप.

म्हणून आंबट अजिबात बंद, असं मी सांगत नाही. आपल्या घरात अंबाडीची भाजी, कढी, उन्हात पन्हं, हे सुटणार नाही आणि सोडायची गरजही नाही. जेवणासोबत खावं, दिवसातून एकदा, आणि पन्हं घोट घोट तासभर न पिता सरळ पिऊन वरून पाणी प्यावं. दही आणि ताक आंबट असलं तरी त्यात कॅल्शियम भरपूर असतं, दाताला ते फारसं खात नाही. सकाळी उपाशीपोटी लिंबू-पाणी मात्र आईंसाठी बंद. खर्रा खात असतील तर तोही. त्यातला तंबाखू, सुपारी आणि चुना कोरड्या, पातळ कातडीच्या तोंडात जास्त लवकर घात करतो, आणि तो घात दातांपुरता राहत नाही.

घासण्याचं बघा. रात्री आंबट वर आलं, किंवा उलटी झाली, की लगेच ब्रश करायचा नाही. त्या वेळी कवच मऊ झालेलं असतं, ते ब्रशने खरवडून निघतं. एक पेला पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा टाकून खळखळून चूळ भरा आणि तासभर तसंच राहू द्या. आईंच्या उशाशी असा पेला झाकून ठेवला तरी चालेल, रात्री जाग आली की चूळ भरायची आणि थुंकायची. गिळायचा नाही. सकाळी उठल्यावरही आधी हीच चूळ, मग चहा-नाश्ता, आणि ब्रश तासाभराने. ब्रश मऊ. राखुंडी, मीठ, कोळसा, गुडाखू पूर्ण बंद.

पेस्ट फ्लोराइडची घ्या. इथे गावातले लोक मला हमखास अडवतात: पाण्यातल्या फ्लोराइडने दात गेले म्हणता आणि पेस्टमध्ये तेच लावायला सांगता? ही अडचण खरी आहे, म्हणून नीट सांगते. पाण्यातलं फ्लोराइड पोटात जातं, रोज, वर्षानुवर्षं, आणि मूल आठ वर्षांचं होईपर्यंत समोरचे दात बनताना बिघडवतं, पुढे हाडांत साचतं. म्हणून पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको. पेस्टमधलं फ्लोराइड दातावर लावून थुंकून टाकायचं असतं. आईंचे दात कधीच बनून झालेत. त्यांना बाहेरून लावलेलं फ्लोराइड ढालीसारखं काम करतं. साध्या पेस्टमध्ये ते १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास असतं. पाकिटावर वाचा, कारण वनौषधींच्या बऱ्याच पेस्टमध्ये ते नसतंच. स्टॅनस फ्लोराइडची पेस्ट मिळाली तर आम्लाच्या झिजेसाठी ती जास्त चांगली. घासून झाल्यावर थुंकावं, पण पाण्याने खळखळून धुऊ नये, लेप राहू द्यावा. रात्री झोपण्याआधीचा ब्रश सर्वांत महत्त्वाचा. दर तीन महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांकडून फ्लोराइडचं वार्निश लावून घ्या, दहा मिनिटांचं काम असतं. आणि पिण्याचं पाणी ग्रामपंचायतीमार्फत तपासून घ्या, नातवंडांसाठी.

कॅल्शियमची गोळी हाडांसाठी दिली असेल तर चालू ठेवा. पण ती दातांच्या कवचापर्यंत पोहोचत नाही. एकदा दात उगवला की त्याच्या कवचाला रक्तातून काही मिळत नाही, जे मिळतं ते तोंडातल्या लाळेतून.

दुरुस्तीबद्दल माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण ती तुमच्या आईंच्या बाबतीत होऊ नये. दवाखान्याच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका बाईंच्या समोरच्या सहा दातांवर मी टोप्या बसवल्या. सुंदर दिसल्या. रात्रीचं काही विचारलं नाही, लाळ बघितली नाही. दोन वर्षांत टोप्यांच्या कडेखालून दात विरघळले आणि कुजले, आणि एक टोपी आतल्या दातासकट तिच्या हातात आली. टोपी बसवायला दात चारी बाजूंनी तासावा लागतो. आधीच पातळ दात मी आणखी पातळ केला होता. आता मी आधी दोन-तीन महिने ॲसिड आवरते, मग दाताच्या मागच्या बाजूला दाताच्याच रंगाचं मटेरियल चिकटवून थर देते. त्याला दात तासावा लागत नाही, तुटलं तर पुन्हा लावता येतं, आणि खर्च टोपीच्या मानाने कमी. हिरडीच्या कडेला कीड असेल तर ती थांबवणारं चांदीचं द्रावणही लावता येतं. जागा काळी पडते, पण मागच्या दातांना त्याने फरक पडत नाही. गावाजवळ हे होत नसेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगीचं दंत महाविद्यालय, तुमच्याकडून दोन्ही एका दिवसात करण्यासारखं.

लाळ मोजायलाही तिथे सांगा. फार सोपं आहे: मागचा दीड तास काही खायचं-प्यायचं नाही, मग बसून पंधरा मिनिटं तोंडात जमेल ती लाळ कपात सोडायची. दीड मिलीच्या वर गेली नाही तर ग्रंथी फारच थकल्यात. निरोगी माणसाची साडेचार-पाच मिली सहज होते. थोडी तरी लाळ येत असेल तर ती वाढवणारी पायलोकार्पिनची गोळी उपयोगी पडू शकते. दमा असेल किंवा काचबिंदूचा एक विशिष्ट प्रकार असेल तर ती चालत नाही. तिने घामही खूप येतो, आणि आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात शेतावर जाणाऱ्या बाईला ते सोसणार नाही. सुरू करायचीच तर पावसाळा लागल्यावर करा, आणि पाणी वाढवा.

कानाखालची, जबड्याजवळची ग्रंथी एका बाजूला सुजून तशीच राहिली, कडक लागली, किंवा ताप आणि वजन उतरणं त्याबरोबर आलं, तर दातांच्या भेटीची वाट न बघता शोग्रेनच्या डॉक्टरांकडे जा. या आजारात काही थोड्या रुग्णांना पुढे लसिका ग्रंथींचा कर्करोग होतो. तो लवकर सापडला तर उपचार चांगले होतात.

आणि आजच एक काम करा. त्याच चमच्यात, उजेडात, आईंच्या वरच्या दातांच्या मागचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा, तारीख टाकून. तीन महिन्यांनी तसाच पुन्हा काढा आणि हिरडीलगतची ती पांढरी कड दोन्ही फोटोंत शेजारी ठेवून बघा. कड तेवढीच असेल तर विटा, जेवणाची वेळ आणि गोळी यांनी झीज थांबली आहे, आता दातांवर थर चढवायला घेता येईल. कड आणखी बारीक झाली असेल तर दोन्ही फोटो पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.